अकराव्या नळीतला चुना

मैथिली तोडणकरने ती नळी पहिल्याच दिवशी परत पाठवायला हवी होती.

नळी म्हणजे दोन मीटर लांबीचा पारदर्शक दंडगोल. आत खाडीच्या तळाचा गाळ, जसा होता तसा, थर न मोडता भरलेला. बाहेरच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं : खारवंडी खाडी, नळी क्रमांक अकरा. पुण्याच्या त्या प्रयोगशाळेत अशा नळ्या राज्यभरातून येत आणि गाळ वाचणाऱ्यांना तिथे सरळ 'वाचक'च म्हणत. नळी ताब्यात घेताना वाचकाने एक फॉर्म भरायचा असे. त्यातला चौथा प्रश्न होता : या जागेशी, तिथल्या कारखान्यांशी किंवा दाव्यातल्या कोणाशी आपला संबंध आहे काय?

मैथिलीचा जन्म खारवंडीचा. आई अजून तिथेच राहत होती. वडील रघुवीर तोडणकर, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, तिथल्या सुवर्णरंग पिगमेंट्समध्ये केमिस्ट होते. कारखान्यात सगळे ज्याला ईटीपी म्हणत, ते सांडपाणी शुद्ध करण्याचं खातं त्यांच्याकडे होतं. आठ महिन्यांपूर्वी ते गेले, तेव्हा खाडीकाठच्या भोईवाडीतली माणसं खांदा द्यायला पुढे झाली होती. अनशीकाकी कासेकर, जिचं सगळं आयुष्य खाडीच्या चिखलात तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, वेचण्यात गेलं, तिने अण्णांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाली, "ह्या मानसानं आमचं पाय राखलं."

मैथिलीने चौथ्या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलं.

का लिहिलं, ते तिला पक्कं माहीत होतं. खारवंडीच्या औद्योगिक वसाहतीत एकूण नऊ कारखाने. नऊजणांचं पाणी एकाच सामायिक पाइपातून खाडीत जाई, त्यामुळे तीस वर्षं प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवत आला होता. आता खाडी लवादापुढे दावा उभा होता. अण्णांचा कारखाना स्वच्छ होता, अण्णांचं खातं चोख होतं, हे त्या गाळाने आपल्या तोंडाने सांगावं, आणि ते तिने स्वतः ऐकावं, अशी तिची इच्छा होती. शोक माणसाला असा हट्टी करतो.

खाडीचा तळ वहीसारखा असतो. पावसाळ्यात डोंगरावरून तांबडी माती येते, तिचा जाड थर बसतो. उरलेलं वर्ष भरती-ओहोटीचा काळा गाळ बसत राहतो. त्यातही अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोरात आत शिरतं, थर जाड बसतो. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीला, पाणी मंद, थर केसाएवढा. म्हणजे तांबड्या पट्ट्या मोजल्या की वर्षं कळतात आणि काळ्यातल्या बारीक रेघा मोजल्या की पंधरवडे. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही. प्रयोगशाळेतलं यंत्र लेसरने गाळ कणाकणाने जाळी आणि प्रत्येक कणाच्या वाफेतले अणू वजनाप्रमाणे वेगळे करून मोजी. एकच मूलद्रव्य, पण त्याचे हलके आणि जड अणू कुठल्या प्रमाणात आहेत, हे जागेजागेनुसार आणि भट्टीभट्टीनुसार बदलतं. त्या प्रमाणावरून कण कुठून आला ते ओळखता येई. २०५३ सालच्या कायद्याने या वाचनाला पुरावा म्हणून मान्यता दिली आणि आणखी एक गोष्ट केली : विष कोणाच्या हातून गेलं, मुद्दाम गेलं की चुकून, हे विचारायचं नाही; ज्या कारखान्यातून गेलं त्याने खाडी साफ करून द्यायची. आणि थराचा मालक सापडलाच नाही, तर गाळ तसाच ठेवून त्यावर कापड आणि मुरूम अंथरायचा, खाडी कायमची बंद करायची, काठावरची वस्ती हलवायची.

भोईवाडीत एकशे चाळीस घरं होती.

वाचनाला सतरा दिवस लागले. अठराव्या दिवशी सकाळी विभागप्रमुख डॉ. झुबेर मुकादम तिच्या टेबलाशी चहाचा कप घेऊन आले. ते मूळचे दाभोळकडचे. गाळाबद्दल बोलताना ते नात्यातल्या माणसाबद्दल बोलल्यासारखे बोलत.

"मैथिली, तुझी ही खारवंडी फार लबाड आहे बरं."

'तुझी' म्हटल्यावर ती दचकली. पण ते सगळ्याच वाचकांना तसं म्हणत.

"काय झालं, सर?"

"हे बघ. साल दोन हजार एकोणतीस ते छत्तीस. सात वर्षांच्या थरांत कॅडमियम ठासून भरलंय. पिवळा रंग बनवणाऱ्यांचं कॅडमियम. म्हणजे सुवर्णरंगवाले सापडले म्हणून मी खूश! पण प्रत्येक कणाला चुना चिकटलाय. कॅडमियम सुटं नाहीच कुठे."

"सांडपाण्यात चुना घालतातच ना, सर. आम्ल मारायला."

"घालतात. पण सुवर्णरंगच्या खरेदीत सगळा चुना खाणीतला आहे, ट्रकने आलेला. आणि हा," त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं, "हा शिंपल्यांचा आहे. स्ट्रॉन्शियम बघ, थेट समुद्राचं. आणि नुसते फुटके शिंपले नव्हेत, भाजलेले. चुना भट्टीत श्वास सोडतो आणि विरला की त्या दिवसाची हवा पोटात घेतो. ह्याच्या पोटातली हवा त्या-त्या वर्षाची आहे. कुणीतरी गावठी भट्टीतला ताजा चुना आणून त्या पाण्यात टाकत होतं, सात वर्षं, दर उधाणाला. नऊ कारखान्यांपैकी एकाच्याही कागदांत शिंपल्यांचा चुना नाही."

"मग?"

"मग सुवर्णरंगचे वकील सरपोतदार उभे राहतील, चष्मा पुसतील आणि म्हणतील, आमच्याकडे कॅडमियम होतं, पण ते दुसऱ्या दोघांकडेही होतं, आणि हा चुना आमचा नव्हेच. सात वर्षांचे थर बेवारस. खाडीवर मुरूम." त्यांनी उरलेला चहा एका घोटात संपवला. "तू कोकणातली ना गं? कोण वापरायचं असला चुना?"

"माहीत नाही, सर," मैथिली म्हणाली.

ते गेल्यावर तिने पडदा बंद केला, तरी स्कूटर डोळ्यांपुढून हलेना. अण्णांची करडी स्कूटर, पुढे पाय ठेवायच्या जागी दोन गोण्या, मागे ती. भोईवाडीच्या टोकाला अनशीकाकीची चुन्याची भट्टी होती. तिसऱ्या विकून झाल्या की उरलेले शिंपले काकी भट्टीत लावायची. कारखान्यातून फोन यायचा तो बहुधा अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. अण्णा फक्त "किती?" आणि "बरं" एवढंच बोलायचे, मग स्कूटर काढायचे, आणि परतताना ती कारखान्यामागच्या चराशी थांबायची. एकदा काकीने हसत तिला विचारलं होतं, "काय गो, तुजा बापूस येवडा चुना खातो की काय?" आणि अण्णांनी आधीच पढवून ठेवलेलं उत्तर तिने दिलं होतं : "माडांना घालतो आम्ही." त्यांच्या परसात माड होते सहा. मोजता येण्याच्या वयात आल्यावर ती गोष्ट खटकायला हवी होती. तिने ती कधी मोजलीच नव्हती.

आता सगळं जुळत गेलं : त्या वर्षांत सांडपाण्याची टाकी भरली की मॅनेजर मागचा व्हॉल्व्ह उघडून कच्चं पाणी त्या चरातून खाडीत सोडायला लावी. वेळ निवडायचा उधाणाच्या ओहोटीची, पाणी झपाट्याने समुद्रात जावं म्हणून. पण त्याच मोठ्या ओहोटीला तिसऱ्यांच्या जागा उघड्या पडतात, आणि भोईवाडीच्या बायका पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभ्या असतात. पहिल्या वर्षी त्यांच्या पायांची सालं निघाली. अण्णांनी ते पाय पाहिले. खात्यातला चुना ते जास्त वापरू शकत नव्हते, कारण त्याचा किलोकिलोचा हिशेब तपासनीस पाहत, आणि हिशेब वाढला की पाणी सोडल्याचं उघड होई. म्हणून ते काकीकडचा चुना आणून कारखान्यामागच्या चरात स्वतःच्या हातांनी ओतू लागले. पाण्यातलं आम्ल मेलं. पाय बरे झाले, आणि ईटीपीवाल्या अण्णांनी पाणी शुद्ध केलं, असं भोईवाडीने मानलं. व्हॉल्व्हबद्दल कोणी विचारलं नाही.

आणि आम्ल मेलं की पाण्यात विरघळलेलं कॅडमियम चुन्याच्या कणांना धरून तळाशी बसतं. एरवी ओहोटीबरोबर समुद्रात पांगलं असतं, ते तिथेच, तिसऱ्यांच्या जागी, बसत गेलं. तिसरी चिखलातलं पाणी गाळून जगते.

हे रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकवतात. अण्णांच्या ते लक्षात आलं नसेल, असं मैथिलीने दोन रात्री स्वतःला पटवून पाहिलं. तिसऱ्या दिवशी रजा टाकून ती खारवंडीला गेली.

आईने भात टाकला होता. ओटीवर अनशीकाकी बसली होती, दोन्ही गुडघ्यांना तेल चोळत. तिच्या शेजारी तिची मुलगी सुमी, मैथिलीच्याच वर्गातली, काठी भिंतीला टेकवून. चौतिसाव्या वर्षी सुमीची मांडी दोनदा मोडली होती. दुसऱ्यांदा तर नुसत्या शिंकेने. डॉक्टर म्हणाले, हाडं भुसभुशीत झालीत.

"आली का मातीची मास्तरीण!" काकी म्हणाली. "काय गो, लगीन चिखलाशीच करनार काय?"

"चिखल भांडत नाही, काकी."

"पन कमवीत पन नाय!" सुमी म्हणाली आणि तिघी हसल्या. हसताना सुमीने बरगडी हाताने दाबून धरली.

"बरा चिखल वाचतंस ना आमचा?" काकीने विचारलं. "लोकं म्हंतात कापड टाकनार. खाडीवर कापड! मेलेल्याच्या तोंडावर टाकतात तसं. तू तिकडं हायस म्हनून मी निर्धास्त हाय बघ."

मैथिलीने विषय बदलायचा म्हणून विचारलं, "तिसऱ्यांवर बंदी आहे ना अजून? तुम्ही खात तर नाही?"

"आमी कसल्या खातो आता! खाल्ल्या तवा खाल्ल्या. तू मातर वाचलीस बग. तुला सोसतच नव्हत्या. गांधी उठायच्या ना तुज्या अंगावर?"

"हो," मैथिली म्हणाली. तिला तिसऱ्या चालत नाहीत, हे तिने आयुष्यभर सांगितलं होतं. वसतिगृहात, लग्नांत, परदेशात परिषदेच्या जेवणात. अंगावर उठलेली एकही गांधी तिला आठवत नव्हती.

त्या दोघी गेल्यावर ती स्वयंपाकघरात आली.

"आई, मला तिसऱ्यांचा त्रास कधी सुरू झाला?"

आई ताटं मांडत होती. "लहान होतीस."

"कुठल्या डॉक्टरांनी सांगितलं?"

"डॉक्टर कशाला? अण्णांनीच सांगितलं."

"माझ्या अंगावर काही उठलं होतं का, आई?"

आईने पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"अनशीने एकदा सोललेल्या तिसऱ्या पाठवल्या होत्या," ती म्हणाली. "तू दुसरीत होतीस. अण्णांनी त्यातल्या मूठभर डब्यात घातल्या आणि प्लांटवर घेऊन गेले. मी म्हटलं, तिथे काय शिजवणार आहात? संध्याकाळी आले ते जेवले नाहीत. पातेल्यातलं कालवण खड्डा काढून पुरलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, पोरीला सोसत नाहीत, आता घरात आणायच्या नाहीत. कोणी विचारलं तर हेच सांगायचं."

"तू विचारलं नाहीस?"

"नाही."

"का गं?"

"विचारलं असतं तर त्यांनी खरं सांगितलं असतं," आई म्हणाली. "म्हणून."

मैथिली दुसरीत होती, म्हणजे साल एकतीस. चुना छत्तीसपर्यंत पडत होता. तिने मनातल्या मनात नळीतल्या तांबड्या पट्ट्या मोजल्या. जाणूनबुजून पाच.

"तुला काय करायचंय ते मला कळलंय," आई म्हणाली. "तू पुण्याला जाशील. मी इथेच राहणार आहे, ह्याच बायकांत. गेलेल्या माणसाला पुन्हा उभं करून मारू नकोस."

"मी गप्प बसले तर खाडी बंद होईल."

"तुझे अण्णा गप्प बसले तेव्हाही त्यांच्याकडे कारण होतंच," आई म्हणाली, आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन तिने पदर तोंडाला लावला.

पुण्यात मुकादम सरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. ते संतापतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी नुसता कपाटातून तो फॉर्म काढून तिच्यासमोर ठेवला.

"चौथा प्रश्न वाच."

तिने वाचला.

"उत्तर वाच."

"नाही."

"माझ्या खात्यात पंचवीस वर्षांत हे पहिलं खोटं उत्तर," ते म्हणाले. "उद्यापासून तू वाचक नाहीस. तुझं वाचन मी रद्द करतोय. नशीब, त्याच जागेवरून काढलेली जोडनळी सीलबंद आहे, ती दुसऱ्या प्रयोगशाळेत जाईल. ते यंत्रही शिंपल्यांचा चुना दाखवेल. पण तो कुणाचा, हे कुठलंच यंत्र सांगू शकत नाही." त्यांनी फॉर्म परत कपाटात ठेवला. "ते मुलगी म्हणून सांगायचं असेल तर जा. मी तुला जा म्हणणार नाही, नको जाऊस असंही म्हणणार नाही. माझाही बाप खाडीवरच्या कारखान्यात होता. मी त्याच्या खाडीची नळी आजवर मागवलेली नाही."

सुनावणी खारवंडीच्या हायस्कूलच्या सभागृहात ठेवली होती, वस्तीतल्या माणसांना ऐकता यावं म्हणून. दुसऱ्या प्रयोगशाळेचा अहवाल आला होता आणि शब्दशः तोच होता. सरपोतदारांनी खरोखरच चष्मा पुसला आणि खाणीतल्या चुन्याची पावतीपुस्तकं टेबलावर रचली. मग लवादाच्या अध्यक्षबाईंनी साक्षीदार म्हणून मैथिलीचं नाव पुकारलं. पुढच्या रांगेत काकी आणि सुमी होत्या. काकीने तिला हाताने खूण केली, घाबरू नकोस, अशी.

मैथिलीने स्कूटर सांगितली, गोण्या सांगितल्या, फोन सांगितले, चर सांगितला. माडांची गोष्टही सांगितली, ती आपल्याच तोंडून गेली हेही. बोलताना तिने समोर पाहिलं नाही.

"म्हणजे हे तुमच्या वडिलांचं वैयक्तिक कृत्य होतं," सरपोतदार म्हणाले. "कंपनीचा आदेश नव्हता."

"चुन्याचा नव्हता. व्हॉल्व्हचा होता."

"लेखी आदेश आहे?"

"नाही. पण चुना तुमच्या कारखान्यातल्या चरात पडला. तो तुमच्या कॅडमियमला चिकटलाय. कायद्याला एवढंच हवंय."

"पण चुना त्याच भट्टीतला, हे कोण सांगणार?"

"मी सांगनार," अनशीकाकी उभी राहत म्हणाली. गुडघ्यांमुळे तिला उठायला वेळ लागला. "मीच दिला. सात वरसं. मना वाटलं, माडांना." तिने वेळोवेळच्या गोण्या सांगितल्या, कुठल्या साली भट्टी बंद पडली ते सांगितलं, भट्टीची जागा अजून आहे, या आणि माती न्या, असंही सांगितलं. अध्यक्षबाईंनी माती आणायचा आदेश दिला. सरपोतदारांनी पावतीपुस्तकं एकेक करून पिशवीत भरायला सुरुवात केली. सात वर्षांच्या थरांना मालक मिळाला होता, हे त्यांना इतरांच्या आधी कळलं होतं.

"साक्षीदाराने जागेवर जायला हरकत नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या.

पण काकी बसली नव्हती.

"मना एक विचारायचंय."

"आजी, साक्षीदाराला प्रश्न वकिलांनी विचारायचे असतात."

"वकिलाचं नाय ते. माजं हाय." ती मैथिलीकडे वळली. "पोरी, चुन्यानं इख तळाला बसतं, ह्ये तू आता सांगतंस. तुज्या बापसाला म्हाईत होतं?"

अध्यक्षबाई पुढे वाकल्या. "निकालासाठी याची गरज नाही. तुम्ही उत्तर दिलं नाही तरी चालेल."

तिसऱ्या रांगेत आई बसली होती. तिने मान खाली घातली नव्हती. ती सरळ मैथिलीकडे पाहत होती, आणि त्या पाहण्यात विनवणी होती की परवानगी, ते मैथिलीला ओळखता आलं नाही. 'माहीत नाही' हे दोन शब्द होते. ते बोलून ती खाली उतरली असती, तरी खाडी साफ झाली असती. अण्णा पाय राखणारे अण्णाच राहिले असते.

"सुरुवातीला नसावं," मैथिली म्हणाली. "नंतर होतं."

"कवापासून?"

"एकतीस सालापासून. तुम्ही आमच्याकडे सोललेल्या तिसऱ्या पाठवल्या होत्यात. त्यांनी त्या प्लांटवर नेऊन तपासल्या. त्यानंतर आमच्या घरी कधीच आल्या नाहीत. मला त्रास होतो, हे त्यांनी पसरवलेलं. मला काहीही होत नव्हतं, काकी."

काकीने मान डोलावली. ती रागावली नाही. मनात कसली तरी जुळणी करत असल्यासारखी जागेवर उभी राहिली. सुमी काठीच्या मुठीकडे पाहत होती.

"तुजी आई म्हनाली, पोरीला सोसत नाय, आता धाडू नको," काकी अखेर म्हणाली. "पन हाताला सवय लागलेली. दोन वाटे करायचेच मी. एक आमचा, एक तुमचा. तुमचा मग वाया का घालवा?" तिने सुमीच्या खांद्यावर हात ठेवला. "तुज्या वाटच्या तिसऱ्या ही खायची. लय आवडायच्या हिला."

ती सावकाश खाली बसली.

टेबलाच्या कडेला बसलेल्या लेखनिकाने बोटं कळफलकावरून उचलली आणि अध्यक्षबाईंकडे पाहिलं.

"मॅडम, हे शेवटचं... नोंदीत घ्यायचं का?"

अध्यक्षबाई काही बोलण्याआधी मैथिली म्हणाली, "घ्या. माझ्या साक्षीत घ्या. खाली मी सही करते."